महूबारीची लाह

सातपिंपरी, ३ एप्रिल २०२५

जागे,

काल दुपारी आमच्या टाकीत पाणी पडलं. मी टाकीच्या जिन्यावर उभी होते. आतून धो धो आवाज आला आणि मला काही सुचेचना. पाणीपुरवठा सभापती झाल्यापासून मी फक्त कागद बघितले होते, पाणी नाही. नवव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात काल माणसं रस्त्यावर येऊन नाचली.

खरं सांगू, मला अजून विश्वास बसत नाही. तुमच्या धरणापासून आमच्या टाकीपर्यंत पाइप आणायचा, एवढंच काम. पण जंगलात जेसीबीला बंदी, ठेकेदार अर्ध्यात पळाला, आणि आमची नगरपंचायत, तुमची ग्रामपंचायत, वनवाले आणि रस्तेवाले वर्षभर एकमेकांना पत्रं लिहीत बसले. मग होळी झाली, मी तुमच्या ओट्यावर येऊन दोन शब्द बोलले, आणि तुम्ही कुदळी-पहारी घेऊन जंगलातला अख्खा चर खणून टाकलात. मजुरी देऊ केली तर कोणी हात लावेना. निदान जेवण तरी द्यावं म्हणून मी बोकड, तांदूळ नि उडदाची डाळ पाठवली, तेवढी मात्र घेतलीत.

वर अहवाल गेला आहे. त्यात ‘महूबारीकरांचे श्रमदान’ असं मी स्वतः लिहिलं. तुमच्याकडे रेंज नाही, आणि तू खापरच्या बाजारातून फोन केलास तर कोंबड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणून वसतिगृहातल्यासारखी चिठ्ठी. दिनेशच्या जीपबरोबर पाठवते. उत्तरही त्याच्याकडेच दे.

तुझी,
रुचिका

⁂

महूबारी, ९ एप्रिल

सभापतीबाई,

पाणी पडलं ते वाचून मी शाळा सुटल्यावर सगळ्यांना सांगितलं. रायसिंगकाका, म्हणजे आमच्या गावचे कारभारी, ओट्यावरून उठून उभे राहिले. माझी आई रडली. तिचं कारण पुढे सांगते.

आधी एक दुरुस्ती. ते श्रमदान नव्हतं गं, लाह होती. आमच्यात कोणाच्या घरी मोठं काम निघालं, छप्पर म्हण, बांध म्हण, की ते घर लाह बोलावतं. प्रत्येक घरातून एक माणूस जातं. मजुरी नाही, ज्याने बोलावलं त्याने पोटभर जेवू घालायचं. मग त्या माणसांच्या घरी काम निघालं की याने जायचं. तू जेवण पाठवलंस, म्हणजे तू लाह बोलावलीस. हसू नकोस, बोकड बघितल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, ही लाह कोणाच्या घरची? मी म्हटलं, नगरपंचायतीची. ते म्हणाले, तिची चूल कुठे आहे? मग मी तुझ्या घराचं नाव दिलं. तुझ्या सासूबाईंच्या, दगूबाईंच्या घरची, म्हटलं. तेव्हा कुठे लोकांनी कुदळी उचलल्या.

आता आईचं कारण. आशाला, माझ्या धाकट्या बहिणीला, तुमच्या भिलाटीत, भिल्लवस्तीत, दिली आहे ते तुला ठाऊकच आहे. आई रोज विचारते, आशाच्या नळाला पाणी किती वाजता येतं? तेवढं लिहून कळव.

जागृती

⁂

सातपिंपरी, २१ एप्रिल

जागे,

बस. पडशील. आपल्या योजनेला लोकसहभागाचं जिल्ह्यातलं पहिलं बक्षीस मिळालं! मुख्याधिकारी साहेबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. विळीवरून उठले आणि पुन्हा बसले. ढालीवर सगळ्या कार्यालयांची नावं आहेत. ‘शेजारच्या संस्थांशी आदर्श समन्वय’ असं कोरलं आहे. ज्यांनी वर्षभर एकमेकांचा फोन उचलला नाही, ते सगळे एका फोटोत दात काढून उभे आहेत. महूबारीला शाल आणि नारळ देण्याचं ठरतं आहे.

माझ्या घरची लाह! मी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. नवरोबा योगेंद्रला ठसका लागला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की कितीक घरं व्हतीत. मी म्हटलं, त्रेसष्ट. त्या ताटावरून उठल्या. सासू आहे, सुनेचं कौतुक पचायला वेळ लागतो.

आशाला बाजारात पाहिलं. बरी दिसली. आईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं.

रुचिका

⁂

महूबारी, २ मे

रुचे,

ढालीबद्दल अभिनंदन. कोरलेलं वाक्य मुलांना वाचून दाखवलं. ‘समन्वय’ म्हणजे काय, ते मला समजावून सांगता आलं नाही.

आता कामाचं. ऊसतोडीला गेलेली माणसं परतली. पावसाच्या आत छपरं शाकारायची आहेत. पहिलं घर रायसिंगकाकांचं, गुरुवारी आठ तारखेला. कौलं उतरवायची, कुजके वासे बदलायचे, कूड सारवायचे. तुझ्या घरचं एक माणूस पाठव. त्यानंतर दगाभाऊ, मग खालचा पाडा. एका पावसाळ्यात सगळी घरं होणार नाहीत. कोणाचं यंदा, कोणाचं पुढल्या साली. घाई कोणाला नाही.

आशाला बाजारात पाहिलंस ते कळलं. तिच्याकडे पाणी किती वाजता येतं, ते नाही कळलं.

जागृती

⁂

सातपिंपरी, ५ मे

जागृती,

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली, मग योगेंद्रला वाचायला दिली, मला वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. तू हे खरंच म्हणतेस? माझ्या घरच्या माणसाने येऊन तुमची छपरं शाकारायची? त्रेसष्ट? मी काय जन्मभर कौलांवर बसू?

मला धक्का बसला आहे आणि थोडा रागही आला आहे. मी गावासाठी मागितलं होतं, माझ्या घरासाठी नाही. मी बोकड पाठवला तो माणुसकी म्हणून. त्याचा हा अर्थ होतो, हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस? तुला ठाऊक होतं की मला ठाऊक नाही.

पण मी सभापती आहे, तुमचे उपकार विसरणारी नाही. गुरुवारी नगरपंचायतीचा ट्रॅक्टर पाठवते आहे, वीस माणसं. आमचेच सफाई कामगार, हातातलं काम चोख करतात. एका माणसाच्या जागी वीस माणसं, म्हणजे पुढच्या कितीतरी छपरांची फेड एकदमच झाली असं समज.

भिलाटीचं सविस्तर भेटीत बोलू.

रुचिका

⁂

महूबारी, ९ मे

रुचिका,

ट्रॅक्टर आला. वीस जणांना काकांनी सावलीत बसवलं, भाकरी खाऊ घातली, चहा पाजला आणि परत पाठवलं. ती बिचारी माणसं गोंधळून गेली. काम न करता जेवण पहिल्यांदाच मिळालं, असं त्यांतला एक म्हणाला.

पगारावर आलेल्या माणसाने लाह फिटत नाही. घरातलं माणूस लागतं. म्हातारं चालतं, पोरगं चालतं, त्याने नुसतं कौल हातात दिलं तरी चालतं. पण घर यायला हवं.

तू विचारलंस, मी तेव्हाच का सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर तू बोकड परत नेला असतास आणि चर तसाच राहिला असता. मला तो चर हवा होता. आशा हंडे वाहून वाहून वाकली आहे.

काकांनी कौलं उतरवली आहेत. तुझ्या घरचं माणूस येईपर्यंत ती चढवायची नाहीत असं ते म्हणतात. अंगणात बाजेवर उघड्यावर निजतात. मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण काल आईने शेणाच्या गोवऱ्या थापायला शेजारणीला हाक मारली, तर ती आली नाही. नाव मी दिलं होतं तुझ्या घराचं.

जागृती

⁂

सातपिंपरी, १३ मे

जागे, घाईत लिहिते. आत्याबाई घरात नाहीत. सकाळी उठून बघते तर अंथरूण गुंडाळलेलं, चूल थंड, वाड्याचं दार नुसतं लोटलेलं. माहेरी फोन केला, तिथे नाहीत. देवळात नाहीत. शेतावर नाहीत. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, फोन वापरता येत नाही. काल रात्री तुझी चिठ्ठी योगेंद्र मोठ्याने वाचत होता, त्या ओसरीवर होत्या. दिनेशची जीपही पहाटेच गेली म्हणतात. योगेंद्र मोटरसायकलवर ही चिठ्ठी घेऊन खापरला निघाला आहे, तिथून कोणा महूबारीकराच्या हाती देईल. तिकडे काही कळलं तर त्याच माणसाबरोबर उलट कळव.

रुचिका

⁂

महूबारी, १५ मे

रुचिका,

शोधू नका. दगूबाई इथे आहेत.

परवा सकाळी दिनेशची जीप थांबली आणि त्यातून तुझ्या सासूबाई उतरल्या. काठी, एक पिशवी, आणि नऊवारी आधीच वर खोचलेली. मी ओळखलंच नाही. तुझ्या लग्नात माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्या याच त्या, हे जरा वेळाने लक्षात आलं. त्या सरळ काकांच्या अंगणात गेल्या. मी पुढे होऊन म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेतला. त्या म्हणाल्या, “घर मन्हं शे. तं येवानं बी मालेच शे.”

आणि त्या बसल्या शेणमाती कालवायला. कूड सारवताना त्यांचा हात बघून आमच्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या. काकांचं छप्पर संध्याकाळी चढलं. शेजारीण आईकडे आली. मला वाटलं, सुटले मी.

मग जेवायला बसलो. दगूबाईंनी आमच्या पंगतीत बसून उडदाची डाळ नि भाकर खाल्ली. आईने त्यांना वाढताना तोच प्रश्न विचारला, जो मी तुला दोनदा लिहून विचारला. आशाच्या नळाला पाणी किती वाजता येतं?

त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, “कसाना नळ? भिलाटीमा नळच नही. आशा तं रोज मन्हा वाडामातीन पाणी भरी लई जास.”

रुचे, त्रेसष्ट घरांची माणसं जेवत होती. कोणाचाही हात तोंडाकडे गेला नाही. आईच्या हातातली डाळ सांडली. होळीनंतर आमच्या ओट्यावर बसून तू काय बोलली होतीस? ‘तुमच्या लेकी दिल्यात त्या गावाला प्यायला पाणी नाही.’ त्यावर लोक उठले होते. आमच्या निम्म्या घरांच्या मुली त्या भिलाटीत आहेत. काकांनी मला एवढंच विचारलं की मग आपण चर कोणासाठी खणला.

आणि तू लिहिलंस, आशाला बाजारात पाहिलं. ती रोज तुझ्या वाड्यात येते. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हंडा भरते. मी अजून सुन्न आहे. मला राग यायला हवा, तोही येत नाही.

दगूबाई म्हणतात दगाभाऊंच्या शेजारची दोन छपरं करूनच निघीन. त्यांची काळजी करू नका. आईजवळ निजतात.

जागृती

⁂

सातपिंपरी, १८ मे

जागृती,

काय लिहू. तुझी चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात गेले, खिडकीतून बघितलं, तर आशा हंडा भरत होती. मला बघून हसली. मी खिडकी लावून घेतली.

भिलाटी नाल्यापलीकडे आहे. लोक म्हणतात सातपिंपरीची भिलाटी, पण जमीन शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते. आमच्या योजनेत हद्दीबाहेर नळ देता येत नाही. ग्रामपंचायत म्हणते, योजना तुमची, पाणी तुमचं, आम्ही काय करू. मधला रस्ता तिसऱ्याच खात्याचा, तो फोडायला त्यांची परवानगी. तिघांची संयुक्त बैठक घ्या असं मी लिहून दिलं आहे, तीनदा. एकदा हे आले नाहीत, एकदा ते आले नाहीत. पाइपसुद्धा आणून ठेवले आहेत, आमच्या आवारात पडून आहेत. म्हणून तुला काही लिहिलं नाही. मला वाटायचं, पुढच्या बैठकीत होईल, मग एकदम आनंदाचीच बातमी देईन.

ओट्यावर मी जे बोलले ते बोलताना खोटं वाटलं नव्हतं. लोकांना पटेल असं काहीतरी बोलायचं होतं, ते तोंडून निघालं. आता ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. आत्याबाई माझ्याबद्दल काही बोलल्या का?

रुचिका

⁂

महूबारी, २३ मे

रुचिका,

तिन्ही कार्यालयांची नावं मी काकांना समजावून सांगितली. हद्द कुठे संपते, रस्ता कोणाचा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, यांतल्या कोणाच्या घरी चूल आहे?

दगूबाई तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. उद्या सकाळी निघतील. आज दुपारी त्या नि काका ओट्यावर बराच वेळ बोलत होते, त्या अहिराणीत आणि ते आमच्या बोलीत. दोघांना एकमेकांचं किती कळलं देव जाणे. उठताना दोघं हसले. काय ठरलं ते त्याच तुला सांगतील. मला सांगितलं, पण लिहायला मनाई आहे.

जागृती

⁂

सातपिंपरी, ३० मे

जागे,

तुला सगळं आधीच ठाऊक होतं. मला मात्र कोणी सांगितलं नाही, म्हणून मी माझ्या बाजूने लिहिते.

आत्याबाई आल्या त्या दिवसापासून माझ्याशी अबोला. मंगळवारी बघते तर वाड्यात तीन दगडांची मोठी चूल, वर पातेलं, बोकड दारात बांधलेला. मी विचारलं, एवढा स्वयंपाक कोणाचा? तर म्हणाल्या, “लाह शे. मन्हा घरनी.” मला वाटलं त्यांना भ्रम झाला.

बुधवारी उजाडताना दार उघडलं तर अंगण माणसांनी भरलं होतं. दिनेशची जीप, आणखी दोन जीपा, आणि खांद्यावर कुदळी घेऊन पायी आलेली माणसं. पुढे रायसिंगकाका. मी दारात उभी, केस मोकळे. काकांनी मला हात जोडले आणि विचारलं, बाई, कुठून खणायचं?

जागे, मला त्या क्षणी परत घरात जावंसं वाटलं. नियम मला माहीत आहेत. विनापरवाना खोदकाम, हद्दीबाहेर जोडणी, माझं सभापतिपद जाऊ शकतं. मी वळून बघितलं तर आत्याबाई चुलीशी बसून माझ्याकडे बघत होत्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मी चप्पल घातली आणि आवारातली पाइपची खोली उघडली.

चर टाकीपासून नाल्यापर्यंत गेला. भिलाटीतली माणसं पलीकडून खणत आली. रस्ता फोडायचा नव्हताच, खाली पाण्याची जुनी मोरी आहे, पाइप त्यातून घातला. आमचा फिटर नवनीत म्हणाला, मॅडम, जोडतो, पण तुम्ही तोंडाने सांगा. मी सांगितलं.

दुपारी मुख्याधिकारी आले, पाठोपाठ ग्रामपंचायतीचे, मग रस्तेवाले. जी बैठक वर्षभर झाली नाही ती चराच्या काठावर आपोआप भरली. साहेबांनी मला विचारलं, हे कोणाच्या आदेशाने चाललं आहे? मी म्हटलं, आदेश नाही, माझ्या घरची लाह आहे. ते कोणत्या नियमात बसतं, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि तिघांच्याही हातात जेवणाच्या पत्रावळी दिल्या. तिघं जेवले. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. लाहेचं जेवले, म्हणजे आता त्या तिघांनीही कुदळ उचलायला हवी.

मला नोटीस आली आहे. उत्तर लिहीन. संध्याकाळी आशाच्या दारातला नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. आशा हंडा लावायला विसरली, नुसती बघत राहिली. मी तिच्याजवळ गेले. तिने माझा हात धरून नळाखाली ओला केला. मला रडू आवरेना.

आता पुन्हा माझ्या घरावर त्रेसष्ट घरांची लाह चढली. आत्याबाईंचे गुडघे सुजले आहेत, त्यांना मी येऊ देणार नाही. दगाभाऊंचं छप्पर सोमवारी आहे ना? मी येते. कूड सारवायला येत नाही मला. तेवढं शिकव.

तुझी,
रुचिका

⁂

महूबारी, १ जून

रुचे,

ये. पण हात हलवत ये. बोकड, डाळ, तांदूळ, काही आणलंस तर आणखी एक लाह होऊन बसेल आणि तुझी नातवंडंसुद्धा आमच्या कौलांवर दिसतील.

आशाने दिनेशबरोबर नळाचं पाणी पाठवलं होतं, तेलाच्या धुतलेल्या बाटलीत. आईने ती बाटली ओट्यावर आणून ठेवली. उघडायला कोणी धजेना. शेवटी काकांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, आणि म्हणाले, हे तर आपल्याच धरणाचं. मग बाटली सगळ्यांच्या हातातून फिरली. माझ्या वाट्याला तळाचं आलं. थोडं तेलकट होतं.

उद्या लवकर निघ. ऊन चढायच्या आत कौलं उतरवावी लागतात.

जागृती